पद्मिनीला नुसते कव्हर पुरत नाही

महोदय,
ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांत कव्हराखाली अजूनही एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार दिसते. घरच्यांचा तिच्यावर जीव असतो, पण पावसाळ्यात ओले कव्हरच पत्रा गंजवते. उघडीप मिळताच ते काढावे. दारांच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत. ती बुजली की दार आतून कुजते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते, जुने रबरी पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा खराब करते. दोन्ही इथेनॉलला टिकणारे बसवावेत. गाडी महिनाभर हलणार नसेल तर कार्बोरेटर रिकामा करावा आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचा अस्सल पत्रा आता सहज मिळत नाही, म्हणून चांगली दारे भंगारात देऊ नका!
– एक वाचक, नौपाडा, ठाणे