नुसतं 'छान' नको, काय आवडलं ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीच्या शेवटच्या पानावर जानेवारीपासून 'रेवस ते रेडी' ही कोकण किनाऱ्याच्या प्रवासाची चित्रांची मालिका येत होती ना, ती काढणारी आणि लिहिणारी मी. गेल्या रविवारी २६ वा भाग आला आणि मालिका संपली. हे पत्र तुमच्यासाठी कमी आणि वाचकांसाठी जास्त आहे, त्यामुळे वाचकांच्या पत्रांत थोडी जागा द्या ही विनंती, लांबलं तर कापा, पण प्रश्न कापू नका.

तर झालंय असं की याचं पुस्तक करायचं ठरतंय. माझ्याकडे मिळून दोनशेच्या वर चित्रं आहेत, पेपरात त्यातली निम्मीसुद्धा आली नाहीत, आणि पुस्तकात जेमतेम साठ बसणार. प्रकाशकांचं म्हणणं किल्ले घ्या, किल्ले खपतात. माझ्या नवऱ्याचं म्हणणं खाण्याची घ्या. माझं मलाच कळत नाहीये. तुमच्याकडून आलेली वाचकांची पत्रं, ईमेल सगळं काढून बसले, तर दहातल्या आठांमध्ये 'चित्रं छान', 'अप्रतिम', 'कोकणात जाऊन आल्यासारखं वाटलं' एवढंच. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण त्यातून काहीच कळत नाही हो. ड्रॉइंग टीचर म्हणून तीस वर्षं मी स्वतःच मुलांच्या वह्यांवर 'छान' लिहीत आले, आता कळतंय त्या पोरांना किती उपयोग झाला असेल ते.

उरलेल्या दोनांमध्ये मात्र खरी मजा होती. एका काकांनी पोस्टकार्ड पाठवलं, कार्ड, आजच्या काळात! की अलिबागच्या भागात काढलेल्या लाल डब्याच्या खिडक्या कमी आहेत, मी चाळीस वर्षं एसटीत काढली आहेत, परत मोजा. मोजल्या. काकांचं बरोबर होतं. एका ताईंनी लिहिलं की आमसुलं उन्हात घातलेलं चित्र बघून त्यांना आईची आठवण वगैरे आली नाही, तर 'ही पहिल्या दिवसाची आहेत, अजून रस पाजलेला नाही, रंग फिका आहे' असं वाटलं. आता मी तो रंग मुद्दाम नव्हता केला, माझा लाल संपत आलेला. पण त्यांनी तो वाचला. कोकमाची सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, असं करत करत ती काळी पडत जातात हे ज्याच्या घरी झालंय त्यालाच दिसणार.

मला असली पत्रं हवीत. कुठल्या चित्रापाशी थांबलात? आणि कुठलं बघितलंच नाहीत? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

एक कबुली आधीच देऊन टाकते. हर्णैच्या लिलावाचं जे मोठं चित्र होतं, पूर्ण पानाचं, ते खोटं आहे. म्हणजे त्यातलं सगळं खरं आहे पण एका वेळचं नाही. मी तिथे चार वाजता बसले ती साडेसहाला उठले. होड्या लांब उभ्या राहतात आणि मासळी किनाऱ्यापर्यंत आणायला बैलगाड्या पाण्यात जातात, तर पहिली गाडी आली तेव्हा मी बैल काढला, तोपर्यंत ती गेली, मग दुसऱ्या गाडीची चाकं काढली, मग टोपल्यांभोवती बायकांचं कोंडाळं जमलं ते काढलं, आणि आकाश काढलं ते सगळ्यात शेवटी, सूर्य खाली आल्यावर. म्हणजे अडीच तास एका कागदावर. फोटोत हे होत नाही, फोटो एका क्षणाचा असतो. आणि अजून सांगू का, सुवर्णदुर्ग मी थोडा सरकवलाय, कारण तो बरोब्बर एका होडीच्या मागे लपत होता, आणि एक मोबाईल टॉवर खाऊन टाकलाय. सरकवलेला किल्ला हर्णैच्याच एका मुलाने पकडला, त्याने ईमेल केला की 'मॅडम आमच्या घरावरून किल्ला असा दिसत नाही'. टॉवरचं मात्र कोणीच काही बोललं नाही.

तर माझा प्रश्न असा की तुम्हाला हे चालतं का? प्रवासवर्णनात चित्र काढणाऱ्याने किती सरकवायचं? मला स्वतःला किल्ला सरकवल्याचं वाईट नाही वाटत पण टॉवर गाळल्याचं वाटतंय. कारण मग ते कॅलेंडरवरचं कोकण होतं, ज्यात विजेच्या तारा नसतात आणि प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्र्या नसतात, आणि कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर निम्मी घरं त्या निळ्या ताडपत्रीखालीच असतात. पुस्तकासाठी टॉवर परत काढावा का? खरंच सांगा.

समुद्राच्या रंगाबद्दल तक्रारी आल्या. समुद्र निळा का नाही? अहो, तो नाहीच निळा, खाडीच्या तोंडाशी तर अजिबात नाही. आगरदांड्याहून दिघीला जाताना, बागमांडल्याहून वेसवीला जाताना, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे जंगलजेटीवर, म्हणजे खाडी पार करणाऱ्या फेरीबोटीवर, उभी राहून मी पाणीच बघत होते, आणि ते कधी चहासारखं, कधी शेवाळी, कधी नुसतं राखाडी. मालवणला पाणी स्वच्छ दिसलं तेव्हा निळा वापरला की. शिवाय तुमच्या, म्हणजे आपल्या, पेपरचा कागद. संपादक साहेब रागावू नका, पण न्यूजप्रिंट शाई पितो, हिरवा लावला की शेणकट होतो, आणि पातळ कागद असल्यामुळे मागच्या पानावरचं आरपार दिसतं. जंजिऱ्याच्या भागात राजापुरीच्या शिडाच्या होडीमागे प्रेशर कुकरची जाहिरात तरंगत होती. पहिल्या चारपाच भागांनंतर मी शहाणी झाले, रंग कमी, रेघ जास्त, कागद कोरा सोडायचा. आता मला हे विचारायचंय की तुम्हाला पहिले रंगीत भाग आवडले की नंतरचे मोकळे? मला स्वतःला नंतरचे आवडतात, पण ते मला छपाईने करायला लावले, माझं त्यात कौतुक काही नाही.

'किल्ले कमी आणि मासे जास्त' अशीही एक तक्रार होती. मान्य. पण किल्ल्याचं चित्र काढणं मला जमत नाही असं नाही, कंटाळा येतो. बुरूज सगळ्यांनी काढलेत. कोर्लईला मी किल्ल्यावर गेले, पण चित्र काढलं ते खाली गावातलं, कारण तिथले ख्रिश्चन लोक अजून घरात पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, आणि आज बाई दारात मासे साफ करता करता पोराला त्या भाषेत हाक मारते. आता ते चित्रात कसं काढणार? आवाज काढता येत नाही. मी नुसती बाई काढली, हातात कोयता, आणि बाजूला चार ओळी लिहिल्या. तो भाग फसला असं मला वाटतं. तुम्हाला वाटला का? की शेजारचा मजकूर वाचून चाललं?

मजकूर वाचता का तुम्ही, हेही विचारून घेते. खरं सांगा, मी तोंड वाकडं करणार नाही. चित्राच्या आत हाताने लिहिलेलं असतं, एसटीचं टायमिंग, खानावळीतल्या पाटीवरचे भाव, कोणीतरी बोललेलं वाक्य, ते वाचलं जातं का? मोबाईलवर पेपर बघणारे म्हणतात झूम केलं की फाटतं. तसं असेल तर पुस्तकात अक्षर मोठं करते नाहीतर काढूनच टाकते.

मला अभिमान वाटतो तो रत्नागिरीच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरच्या, भागाचा, आणि त्यावर एकही पत्र आलं नाही!! कातळशिल्पं. उक्षी, बारसू, कशेळी, देवाचं गोठणं इथे जांभ्यावर कोणी कधी काळी खोदून ठेवलेले हत्ती, मासे, माणसं. यातली काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आता गंमत बघा, कशेळीचा हत्ती एवढा अवाढव्य आहे की त्याच्या पायाशी उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या चरी दिसतात, इकडून तिकडे चालत जाऊन डोक्यात जोडावा लागतो. मी तो वरून दिसावा तसा काढला नाही. जशी चालले तसे तुकडे काढले, सोंड, मग पाय, आणि कोपऱ्यात मापाला माझी चप्पल. मला वाटलं होतं लोक म्हणतील वा काय आयडिया. काही नाही. बहुतेक तुम्हाला हत्ती हवा होता आणि मी तुम्हाला तुकडे दिले. असं असेल तर तसं कळवा, पूर्ण हत्ती काढून देते, पण मग तुमचं ते चालत जाऊन जोडणं गेलं हे लक्षात घ्या.

चपलेवरून आठवलं. मी चित्रात स्वतः का नसते असं दोघातिघांनी विचारलंय. पुण्याचे गंगाराम तांबट ठाऊक आहेत का? १७९० च्या दशकात पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील मॅलेट याच्यासाठी त्यांनी वेरूळला जाऊन लेण्यांची चित्रं काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, आणि एका चित्रात चक्क स्वतःला, गुरूसमोर बसलेलं. ती चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्याकडे शाळेत मला कोणी हे नाव सांगितलं नव्हतं, मी पण माझ्या मुलांना सांगितलं नाही, कारण मलाच पन्नाशीनंतर कळलं. त्यांना कोणी सांगितलं असेल का, लेणी आवडली की तो गुरूसमोर बसलेला माणूस? मला तर त्यांचा तो बसलेला माणूसच आवडतो. तरीही स्वतःला काढायला लाज वाटते, म्हणून चप्पल.

थिबा पॅलेसचा भाग तुम्हाला आवडला हे मला कळलंय, त्यावर सगळ्यात जास्त पत्रं. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये राजा गेलाच. पण पत्रं सगळी गोष्टीबद्दल आहेत, चित्राबद्दल एकही नाही. म्हणजे तिथे चित्र नसतं तरी चाललं असतं. हे कळणं जरा टोचलं पण उपयोगी आहे, पुस्तकात त्या पानावर चित्र छोटं करते.

सावंतवाडीचं उलटं. गंजिफाचे गोल पत्ते मी नुसते पसरून काढले, दशावताराचे १२० असतात, मी अठ्ठावीस काढले आणि डोळे गेले, मजकूर दोनच ओळी. त्यावर पत्रं आली ती छोट्या मुलांच्या आयांची, की पोराने कापून खेळायला घेतले. कापून! मी एवढी खूश झाले की विचारू नका. पुस्तकात कापायचं पान ठेवावं का?

आता तुमच्या फोनमध्ये बटण दाबलं की कुठल्याही फोटोचं वॉटरकलर होतं. भाचीने मला मालवणच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढतात त्याच्या, फोटोचं करून दाखवलं, वाईट नव्हतं हो. फक्त दोर ओढणाऱ्यातल्या दोघांना पाय नव्हते. माझ्या चित्रात कधीकधी एसटीला खिडक्या नसतात, त्यामुळे मी फार बोलत नाही.

तर वाचकहो, पुरवणीच्या पत्त्यावर लिहा, गणपतीच्या आधी लिहा म्हणजे मला निवड करता येईल. एक चित्र लक्षात राहिलं ते कोणतं, आणि का, एवढं दोन ओळींत चालेल. भागाचा नंबर नको, 'ते म्हैस आडवी आली ते' असं लिहिलं तरी मला कळतं. चुका जरूर कळवा. मासे न खाणाऱ्यांनीही लिहा, तुमच्यासाठी घावणे आणि खाजं होतं, ते दिसलं की माशांच्या वासात गेलं तेही सांगा.

आणि एक. चौदाव्या भागात धोपाव्याच्या जेटीवर एक बाई निळी छत्री घेऊन बसलेली आहे, पाठमोरी, बाजूला फणस. ते चित्र चालू असताना बोट आली आणि ती उठून गेली, मी छत्री पुरी केली ती आठवणीतून. नाव विचारायचं राहिलं. ती तुमच्यापैकी कोणाची आई, काकू, शेजारीण असेल तर कळवा, मूळ चित्र तिला द्यायचंय. आणि छत्रीची दांडी खरंच लाकडी होती का तेही विचारा.

आपली,
'रेवस ते रेडी'वाली चित्रकार, डोंबिवली

ता.क. पोस्टकार्डवाल्या काकांना कृपया कळवावे, खिडक्या वाढवल्या आहेत.