गर्भपिशवी काढण्याआधीचे पर्याय

संपादक महोदय,

‘चाळिशी उलटली, मुले झाली, मग पिशवी ठेवून करायचे काय?’ हा प्रश्न गेल्या वर्षी पूर्व उपनगरातील एका रुग्णालयात मला विचारला गेला, तेव्हा माझ्या सोनोग्राफीच्या अहवालावर ‘अ‍ॅडिनोमायोसिस’ एवढेच लिहिलेले होते आणि संमतिपत्र मात्र टेबलावर तयार होते. त्रास किरकोळ नव्हता. पाळीच्या दिवसांत डाग पडेल या धास्तीने सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये जागा मिळूनही मी उभीच राहत असे.

या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी स्नायूंच्या भिंतीत शिरून वाढतात. तो कर्करोग नव्हे. मात्र फायब्रॉइडप्रमाणे (गर्भाशयातील साधी गाठ) त्याला स्पष्ट कड नसल्याने तो सोलून काढणे अवघड असते, हे पिशवी काढण्याच्या सल्ल्यामागचे खरे कारण मान्यच करायला हवे.

तरीही दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून जे सांगितले, ते पहिल्या ठिकाणी एका वाक्यानेही सांगितले गेले नव्हते. 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली हॉर्मोनची तांबी (साधी तांबी नव्हे, तिने रक्तस्राव उलट वाढू शकतो), डायनोजेस्ट या हॉर्मोनची रोज 2 मिलिग्रॅमची गोळी, पाळी काही काळ थांबवणारी इंजेक्शने, नळीवाटे गर्भाशयाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा रोखणारे एम्बोलायझेशन आणि मोजक्या रुग्णांत केवळ बाधित भाग काढण्याची शस्त्रक्रिया, असे हे पर्याय आहेत. प्रत्येकाला मर्यादा आहेत: इंजेक्शने लांबल्यास हाडे ठिसूळ होऊ शकतात आणि बाधित भाग काढल्यानंतर गर्भधारणा झाल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. मी तांबी निवडली. पहिले चार महिने अधूनमधून डाग पडतच होते, आता पाळी नाममात्र येते. एखादीला शस्त्रक्रियाच योग्य ठरेल, त्याबद्दल वाद नाही.

अनावश्यक शस्त्रक्रियांचा विषय निघाला की आपल्याला बीडच्या ऊसतोड महिलाच आठवतात. परंतु गरज नसताना गर्भाशय काढणे रोखण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्वच राज्यांना बजावले होते आणि त्यांत मुंबईही आली. संमतिपत्रावर ‘रुग्णाला सांगितलेले अन्य पर्याय’ असा मराठीतून भरायचा एक रकाना आरोग्य विभागाने सक्तीचा करावा आणि तो कोरा असेल तर सही घेऊ नये.

— एक वाचक, मुलुंड