नर्सला शिकवा, पण अधिकारासकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ नाहीत, ही बातमी आपल्याकडे वर्षातून दोनतीनदा तरी येते आणि खाली मागणीही ठरलेलीच असते : डॉक्टर भरा. मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हार पट्ट्यात आधी एएनएम (गावपातळीवरची नर्स) आणि पुढे आरोग्य सहाय्यिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. डॉक्टर यायचे तेव्हा येवोत, पण जी माणसं इथं राहतातच त्यांना शिकवायचं कधी, एवढंच मला विचारायचं आहे.

आम्हाला मध्यंतरी 21 दिवसांचं प्रसूती प्रशिक्षण मिळालं. त्यात झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट या झटके थांबवणाऱ्या औषधाचा पहिला डोस द्यायची मुभा मिळाली. त्याआधी आम्ही तिला नुसतं गाडीत घालून पाठवायचो. ‘पहिला डोस’ ऐकायला सोपा वाटतो. एकेक ग्रॅमच्या दहा अँप्युल फोडायच्या, दहा-दहा मिलीच्या दोन सिरिंज भरायच्या आणि दोन्ही कुल्ल्यांत खोलवर द्यायच्या. बाई डाव्या कुशीवर, सासू दारात रडतेय, लाइट गेलेली, आणि आशाताई मोबाइलचा उजेड धरून उभी. घाईत काच बोटात जातेच. पण झटके आवरले की तोरंगण घाट चढून गाडी नाशिककडे नेता येते. हे काम डॉक्टरचंच म्हणून अडवून धरलं असतं, तर त्यातल्या कितीतरी जणी घाटाच्या पायथ्याशीच गेल्या असत्या.

बाळ आडवं असलं तर मात्र आमचे हात टेकतात. तिथं सिझरच लागतं. आमच्या भागातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरचा दिवा, टेबल, सगळं होतं. भुलीचं 18 आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले एक एमबीबीएस डॉक्टरही होते, पण सिझर करणारं कोणी नव्हतं. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आल्या, तोवर भूलवाल्या डॉक्टरांची बदली झालेली! आम्ही आपले रेफर चिठ्ठ्या लिहीतच राहिलो.

मोझांबिकमध्ये याहून वाईट अवस्था होती. 1975 साली देश स्वतंत्र झाला, पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले, वर यादवी युद्ध. त्यांनी 1984 पासून अनुभवी नर्स आणि आरोग्य सहायकांना तीन वर्षं शिकवून शस्त्रक्रियेसाठी उभं केलं. दोन वर्षं राजधानीत शिक्षण, एक वर्ष प्रांताच्या रुग्णालयात हाताखाली काम. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण जिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूतीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी 92 टक्के यांच्याच हातच्या निघाल्या. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा. सात वर्षांनी यांच्यातले जवळपास 88 टक्के जिल्ह्यातच होते, आणि त्यांच्याबरोबर नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. आदिवासी तालुक्यात ज्याने चार पावसाळे काढलेत, त्याला यात नवल वाटणार नाही.

उद्यापासून एएनएमच्या हातात सुरी द्या, असं मी म्हणत नाही. 21 दिवसांत काय येतं आणि काय येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. ‘गरिबाला दुय्यम दर्जाचा इलाज’ हा डॉक्टर संघटनांचा आक्षेपही उडवून लावण्यासारखा नाही. देखरेख, पुरेशा केसेस आणि फोनवर बोलायला वरिष्ठ नसेल, तर तो खराच ठरेल. पण आज आमच्याकडच्या गरीब बाईला दुय्यमही मिळत नाही, रस्ता मिळतो. आणि नर्सला जमत नाही म्हणणाऱ्यांनी जरा बेळगावकडे पाहावं. तिथल्या गावांत एएनएमनी 1620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्यांची चाचणी पार पाडली. 2006 साली तिचा निष्कर्ष आला तो असा, की बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला.

आपल्याकडे सुरुवात करायला जागा आहे. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत नर्सना 18 महिन्यांचं मिडवाइफरीचं (बाळंतपण करण्याचं) प्रशिक्षण देऊन साध्या बाळंतपणांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायचं ठरलंय. राज्याने यासाठी मोखाडा, धडगाव, अक्कलकुवा, भामरागड अशा तालुक्यांतल्याच नर्स निवडाव्यात. शिकून आल्यावर त्यांना पुन्हा लसीकरणाच्या रजिस्टरला जुंपू नये. लेबर रूममध्येच ठेवावं, आणि कोणता निर्णय त्या स्वतः घेऊ शकतात हे लेखी द्यावं. काही बिघडलं की तोंडी परवानगी कोणालाच आठवत नाही, हे आम्ही भोगलंय. आणि भूल देणारा व सिझर करणारा यांची बदली करायचीच असेल, तर निदान जोडीने करा.

— एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, मोखाडा (जि. पालघर)