फजिती करून घेणारी मुलगी पडद्यावर कधी येणार?

महोदय,

'शाळा', 'टाइमपास', 'आत्मपॅम्फ्लेट' हे कोवळ्या वयातल्या मुलांच्या प्रेमाचे तिन्ही चित्रपट मला मनापासून आवडतात. मी नववी-दहावीला मराठी शिकवते. त्यातले जोशी, दगडू, आशिष रोज माझ्यासमोर बाकावर बसतात. पण त्याच वर्गातल्या मुलींची गोष्ट मराठी चित्रपटाने जवळजवळ सांगितलेलीच नाही. शिरोडकर, प्राजक्ता, सृष्टी या साऱ्याजणी आपल्याला दिसतात त्या मुलाच्या नजरेतून. ती वळून बघेल का, हसेल का, एवढ्यावर कथा पुढे सरकते. ती मैत्रिणींत कुणाची टिंगल करते, घरी कशावरून अडून बसते, याचा पत्ता लागत नाही. 'बॉईज'चे २०१७ ते २०२३ या काळात चार भाग आले. त्याच दिग्दर्शकाचा 'गर्ल्स' (२०१९) मात्र एकच.

आमच्या शाळेत बऱ्याच मुली एसटीच्या मोफत पासवर येतात. संध्याकाळची गाडी चुकली की स्टँडवर त्यांची मैफल जमते. एक जण चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, कंपासपेटी आपटत गणिताच्या सरांची अशी हुबेहूब नक्कल करते की बाकीच्यांना ठसका लागतो. तेवढ्यात गावाकडचे कुणी ओळखीचे दिसले, की तीच मुलगी ओढणी सारखी करून खाली मान घालून उभी राहते. हे चित्र मी पडद्यावर आजवर पाहिलेले नाही.

मुलगा नापास झाला, त्याची चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली, की प्रेक्षक हसतो आणि त्याला माफ करतो. मुलीच्या हातून तेच घडले तर लगेच बाप, भाऊ, अब्रू! 'सैराट'च्या आर्चीने बुलेट दामटली, परशाला दटावले, थिएटर डोक्यावर घेतले; शेवटी तिच्या वाट्याला काय आले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो शेवट खराच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रत्येक मुलीच्या धिटाईची किंमत जिवाने कशाला मोजायची? अमेरिकी दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगच्या 'लेडी बर्ड'मधली सतरा वर्षांची मुलगी आईशी भांडता भांडता चालत्या गाडीतून उडी मारते आणि मग हाताला गुलाबी प्लास्टर घालून शाळेत हिंडते. आपण तिला हसतो, तिला जीवही लावतो. आपल्याकडेही रवी जाधव यांनी 'बालक-पालक'मध्ये डॉली आणि चिऊ या मुलींना अव्या-भाग्या या मुलांइतकेच वयात येतानाचे कुतूहल दिले होते, आणि कुटुंबांनी तो चित्रपट आनंदाने पाहिला. म्हणजे प्रेक्षक तयार आहे.

अशा चित्रपटाला मोठे तारे लागत नाहीत. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजमध्ये शाळेत शिकत असतानाच 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना सापडली. निर्मात्यांनी आता एखादी हसवणारी, धांदरट, तोंडाळ मुलगी शोधावी, आणि तिची पटकथा एखाद्या तरुण लेखिकेकडून लिहून घ्यावी.

– एक शिक्षिका, वाई (जि. सातारा)