अंगठी बोटात बसली नाही, तेव्हापासूनचं भांडण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेवर लेख आला, याचा आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रात टार्डिसचं, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाचं, नाव छापून येईल असं कधी वाटलं नव्हतं. ३१ मे २०२५च्या भागात डॉक्टर साकारणारा शूटी गाटवा मालिकेतून बाहेर पडला, त्याच्या जागी अभिनेत्री बिली पायपरचा चेहरा उमटला आणि चाहत्यांत पुन्हा दोन तट पडले, इथवर लेखातलं सगळं बरोबर आहे. पण पुढे लेखक म्हणतात की पूर्वी नट बदलायचे तेव्हा प्रेक्षक मुकाट मान्य करायचे. ही भांडणं म्हणे आत्ताची, डॉक्टर आधी बाई आणि मग कृष्णवर्णीय झाला तेव्हापासूनची. हे काही खरं नाही. गेली बरीच वर्षं मी ही मालिका बघते आहे, जुने भागही शोधून शोधून पाहिले आहेत. म्हणून हे पत्र.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर हा परग्रहावरचा, पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यातून (तेच टार्डिस) काळाच्या अलीकडे-पलीकडे फिरणारा. मरायला टेकला की त्याचं शरीर पालटतं. चेहरा नवा, स्वभाव बराचसा नवा, आठवणी मात्र जुन्याच. आपल्याकडच्या मालिकांत 'यापुढे ही भूमिका अमुक साकारतील' अशी पट्टी येते आणि सून बदलली हे घरातल्या एकालाही कळत नाही. इथे सगळ्यांना कळतं, आणि त्याचीच गोष्ट होते.

ही युक्ती निघाली ती अडचणीतून. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर सुरू झाली. (पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, हे जाता जाता.) पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल. तीन वर्षांत त्यांची तब्येत ढासळली, संवाद विसरायला लागले, आणि मालिका तर चाललेली. मग ऑक्टोबर १९६६च्या एका भागात हार्टनेल टार्डिसमध्ये कोसळले, पडद्यावर उजेड पसरला आणि त्या जागी पॅट्रिक ट्रॉटन दिसले.

ट्रॉटन यांच्या पहिल्याच कथेत एक प्रसंग आहे. तेव्हाच्या टेप बीबीसीने नंतर पुसून टाकल्या, त्यामुळे तो आज फक्त आवाजावर आणि पुढे २०१६ साली त्यावर बेतलेल्या ॲनिमेशनमध्ये पाहता येतो. डॉक्टरसोबत पॉली आणि बेन आहेत. पॉलीला वाटतंय की हाच डॉक्टर. बेन खलाशी, त्याला पटत नाही. तो जुन्या डॉक्टरची अंगठी उचलतो आणि या माणसाच्या बोटात घालून बघतो. ढिली पडते. झालं, लागला निकाल, असा बेनचा आविर्भाव. त्यावर ट्रॉटन त्याला सुनावतात ते साधारण असं, की पंख पसरलेलं फुलपाखरू पुन्हा कोशात बसवून दाखव बघू! पुढच्या भागात एक डालेक, म्हणजे डॉक्टरचा हाडवैरी, या नव्या चेहऱ्याकडे वळतो आणि त्याला ओळखतो. मित्र अंगठ्या मोजत बसलेला असताना वैऱ्याने एका नजरेत ओळखलं.

घराघरांतले बेन मात्र एवढ्याने ऐकणार नव्हते. बीबीसी तेव्हा प्रेक्षकांची मतं गोळा करून अहवाल काढायची. एवढा हुशार, विक्षिप्त शास्त्रज्ञ, त्याचा अर्धवट विदूषक करून टाकला, अशी तक्रार त्या अहवालात नोंदलेली आहे. सन १९६६. तेव्हा डॉक्टर बाई नव्हता आणि काळाही नव्हता. आज तेच ट्रॉटन जुन्या चाहत्यांच्या गळ्यातला ताईत आहेत.

नंतर दर खेपेला कुणी ना कुणी नाक मुरडलंच. टॉम बेकर सात वर्षं गाजवून गेले आणि त्यांच्या जागी एकोणतीस वर्षांचा पीटर डेव्हिसन आला, तर म्हणे पोरगेला. मॅट स्मिथची निवड झाली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा, म्हणजे आणखी पोरगेला. २०१३ साली पंचावन्न वर्षांच्या पीटर कपाल्डींचं नाव जाहीर झालं, तर ते म्हातारे. हेच कपाल्डी पंधरा वर्षांचे असताना त्यांनी या मालिकेचं कौतुक करणारं पत्र 'रेडिओ टाइम्स'च्या संपादकांना धाडलं होतं आणि ते १९७४ साली छापून आलं होतं. तेव्हा संपादक महोदय, वाचकांची पत्रं जपून ठेवा, कोण पुढे काय होईल सांगता येत नाही.

बाई डॉक्टर होण्याचंही तसंच. जोडी व्हिटेकरचं नाव १६ जुलै २०१७ला, विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत संपल्यावर जाहीर झालं आणि गहजब झाला. पण १९८० साली टॉम बेकर यांनी निरोप घेताना आपल्या वारसाला शुभेच्छा दिल्या होत्या, 'तो किंवा ती जे कोण असेल त्यांना', आणि पत्रकारांना बातमी मिळाली होती. ज्यांच्या डोक्यातून मालिका निघाली त्यांपैकी एक, सिडनी न्यूमन, यांनी १९८६ साली बीबीसीच्या अधिकाऱ्यांना लेखी सुचवलं होतं की डॉक्टरला आता बाई करा. म्हणजे ही कल्पना आजच्या पिढीने आणून चिकटवलेली नाही. गंमत अशी की २०१७ला खुद्द दोन माजी डॉक्टरांतच जुंपली. मुलग्यांचा एक आदर्श गेला याची डेव्हिसनना हळहळ वाटली, आणि कॉलिन बेकरनी ते म्हणणं जाहीरपणे उडवून लावलं.

कॉलिन बेकरांचं नाव आलंच आहे तर जरा थांबते, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे. मार्च १९८४मध्ये लागोपाठ दोन कथा दाखवल्या गेल्या. पहिली डेव्हिसनची शेवटची, दुसरी बेकरांची पहिली. २००९ साली 'डॉक्टर हू मॅगझिन'ने तोवरच्या दोनशे कथांवर वाचकांचं मत घेतलं, तर त्या दोघींतली पहिली आली सर्वांत वर आणि दुसरी सर्वांत खाली, थेट दोनशेवी. निर्माता तोच, वर्ष तेच, मध्ये आठवड्याचं अंतर. मग फरक नटाचा? ती दुसरी कथा बघा. नवा डॉक्टर शरीरपालटामुळे भ्रमिष्ट झालाय आणि पहिल्याच भागात आपल्याच सोबतिणीचा, पेरीचा, गळा दाबतो. अंगात गोधडीचे तुकडे जोडल्यासारखा भडक कोट. बेकरांना स्वतःला काळा पोशाख हवा होता, कोट निर्मात्याचा. त्यावर कडी म्हणजे हंगाम तिथेच संपला, आणि गळा दाबणारा हा इसम डोळ्यांसमोर ठेवून प्रेक्षकांनी पुढच्या जानेवारीपर्यंत वाट बघितली. १९८६ला बेकरांना काढलं. लोक म्हणाले, नट बरा नव्हता. पुढे 'बिग फिनिश'च्या ध्वनिनाट्यांत त्याच बेकरांना धड संहिता मिळाल्या आणि तेच चाहते त्यांचं कौतुक करायला लागले. आवाज तोच होता हो.

याच्या शेजारी ठेवा मॅट स्मिथचा पहिला भाग, एप्रिल २०१०चा. कबूल करते, माझा डॉक्टर म्हणजे डेव्हिड टेनंट, आणि त्याच्या जागी हा लांब हनुवटीचा मुलगा बघायला मी हाताची घडी घालूनच बसले होते. टार्डिस एका लहान मुलीच्या अंगणात आदळते. हा बाहेर येतो तो टेनंटच्याच फाटक्या शर्ट-टायमध्ये. म्हणतो, सफरचंद हवंय. एक घास घेतो, थुंकतो. मग दही, थुंकतो. बेकन, नको. बेक्ड बीन्स तर सिंकमध्ये. लोणी-पाव ताटलीसकट दाराबाहेर भिरकावतो. शेवटी माशांचे तळलेले तुकडे कस्टर्डमध्ये बुडवून पोटभर खातो, आणि ती पोर समोर बसून बघत असते. नवी जीभ आहे, तिला काय आवडतं हे तिचं तिलाच अजून ठाऊक नाही. नव्या नटाविषयी आपल्याला जे वाटत असतं तेच लेखक स्टीव्हन मॉफट यांनी त्या मुलीच्या स्वयंपाकघरात मांडून ठेवलं. भागाच्या अखेरीस हवेत जुन्या दहाही डॉक्टरांचे चेहरे एकापाठोपाठ येतात, शेवटचा टेनंटचा, आणि स्मिथ त्या चेहऱ्यातून आरपार चालत पुढे येतो. माझी हाताची घडी कधी सुटली ते कळलं नाही.

तेव्हा नवा डॉक्टर पसंत नाही म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते की त्या नटाला लिहून काय दिलं होतं? व्हिटेकरच्या वाट्याला फाळणीवरची विनय पटेल यांची कथा आली (२०१८), तेव्हा ती डॉक्टर म्हणून शोभलीच. एरवी बरेचदा तिच्याकडे तीन-तीन सोबत्यांना समजावून सांगण्यापलीकडे काही काम नसे. गाटवाला तर दोनच हंगाम मिळाले, आठ-आठ भागांचे, वर काही विशेष भाग. त्यातही पहिल्या हंगामाच्या चित्रीकरणाच्या वेळी तो दुसऱ्या एका मालिकेत अडकलेला, म्हणून दोन भागांत डॉक्टर जवळपास नाहीच. पण त्या दोनांतल्याच एकाचा शेवट तुमच्या लेखकमहाशयांनी जरूर पाहावा. श्रीमंतांच्या वसाहतीतली तरुण मंडळी मरणाच्या तोंडी आहेत, डॉक्टर त्यांना टार्डिसमधून सुखरूप न्यायला तयार आहे, आणि ती नाही म्हणतात, कारण हा आपल्यातला नाही. ती सगळीच्या सगळी गोरी आहेत, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. गाटवा आधी त्यांना विनवतो, मग विश्वासच बसेना म्हणून हसतो, आणि मग ओरडतो. त्या दोन-तीन मिनिटांत त्याच्या डॉक्टर असण्याबद्दल मला शंका राहिली नाही.

आता दुसऱ्या तटालाही बोलायला हवं. लेखात नापसंती दाखवणाऱ्या प्रत्येकाला बुरसटलेला ठरवलं आहे. तसे आहेत, नाही असं नाही, आणि त्यांची भाषा वाचवत नाही. पण कथा विस्कळीत झाल्या, शेवट घाईत उरकले, असं म्हणणारा प्रेक्षक वर्णद्वेष्टा कसा? मलाही गाटवाचा निरोपाचा भाग आवडला नाही. भाग आवडला नाही, गाटवा आवडला.

आणि बिली पायपर? २००५ला मालिका सोळा वर्षांनी नियमितपणे सुरू झाली तेव्हाची डॉक्टरची सोबतीण रोझ हीच. त्या शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव आहे, पण 'डॉक्टरच्या भूमिकेत' असं लिहिलेलं नाही. एवढ्याशा गोष्टीवर लोक दोन्ही बाजूंनी बाह्या सरसावून उभे आहेत. नंतर मालिकेत भागीदार असलेल्या डिस्नीनेही अंग काढून घेतलं आणि बीबीसीने २०२६च्या नाताळात विशेष भाग येईल असं जाहीर केलं. ज्या डॉक्टरने अजून चार वाक्यंही उच्चारलेली नाहीत त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मी आज काय बोलू?

माझ्या धाकट्या भाचीने मालिका गाटवापासून बघायला घेतली. परवा मी तिला कौतुकाने टेनंटचा जुना भाग लावून दिला. पाचेक मिनिटं तिने निमूट बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, हा कोण? आपला डॉक्टर कधी येणार?"

आपली,
एक जुनी प्रेक्षक