गॅस भरण्याआधी गळती शोधा

महोदय,

उन्हाळा लागला की गाडीच्या एसीसाठी गॅरेजबाहेर रांगा लागतात आणि दाब मोजायचा गेज लावायच्या आधीच निदान होते : ‘गॅस कमी झालाय, भरून घ्या.’ पैसे जातात, काही दिवस गाडी गार होते आणि पुन्हा गरम हवा सुरू. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. पेट्रोलसारखा गॅस त्यात जळून जात नाही. रबरी होज आणि सीलमधून वर्षाला थोडा झिरपतो, म्हणून चार-पाच वर्षांनी कुलिंग उतरले तर समजू शकते. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहेच.

शिवाय सगळेच बिघाड गॅसचे नसतात. हवा गार आहे पण जोर नाही, तर आधी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून पाहावा. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये हा फिल्टरच नसतो. तिथे धूळ थेट कुलिंग कॉइलवर बसते. हायवेवर गारवा आणि सिग्नलला थांबताच गरम हवा, असे होत असेल तर संशय कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीच्या) पंख्यावर घ्यावा. एसी सुरू ठेवून, पंख्यापासून हात दूर ठेवून, कंडेन्सरवर पाणी ओतावे. लगेच गारवा वाढला तर पंखा बंद वा मंद आहे किंवा जाळीत चिखल अडकलाय. वॉशिंगच्या जेटने ती जाळी धुऊ नये, पाती वाकतात.

सर्वात जास्त चुकीचे निदान होते ते कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) क्लचचे, म्हणजे तो पंप पुलीला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाचे. इंजिन चालू असताना पुली फिरतच असते. एसीचे बटण दाबल्यावर ‘टक’ आवाज येऊन तिच्या पुढची प्लेटही फिरायला हवी. पुली आणि प्लेट यांच्यात साधारण अर्धा मिलिमीटर फट असते. प्लेट झिजली की ती वाढते. सकाळी क्लच पकडतो, पण अर्ध्या-पाऊण तासाने कॉइल तापून तिची ओढ कमी झाली की सोडून देतो. गाडी निवली की एसी पुन्हा चालू! अशा वेळी फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) फट मोजून आतली शिम (पातळ चकती) काढली तर अनेकदा काम भागते. एवढ्यासाठी पूर्ण कॉम्प्रेसर बदलणे हा ग्राहकावर अन्याय आहे. प्लेट मुळीच हलत नसेल तर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच तपासावेत. गॅस फारच कमी असला तर हाच स्विच कॉम्प्रेसरचा करंट तोडतो. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे स्कॅनर लावावा लागतो.)

गेज वाचतानाही घाई नको. बंद गाडीत ३० अंशांना एसीत भरल्या जाणाऱ्या आर-१३४ए गॅसचा दाब सुमारे ९७ पीएसआय (दाबाचे एकक) दिसतो. त्याहून बराच कमी दिसला तर गॅस नक्की कमी आहे. मात्र ९७ दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असे नाही, कारण आत थोडा द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो. एसी चालू असताना लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसची बाजू) साधारण २५ ते ४० आणि हाय साइड (दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसची बाजू) २०० ते २५० पीएसआय असावी. दोन्ही खाली असतील तर गॅस कमी. लो वर आणि हाय खाली असेल तर कॉम्प्रेसर दमलाय. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त झालाय, आत हवा शिरलीय किंवा पंखा चालत नाही. लो शून्याकडे जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कुलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारी झडप) किंवा ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) तुंबलाय.

गळती शोधताना तेलकट डाग पाहावेत, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. जोड, कंडेन्सरचा खालचा भाग आणि कॉम्प्रेसरचा शाफ्ट सील या ठरलेल्या जागा. कुलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत दडलेली, म्हणून गॅस ओळखणारा डिटेक्टर पाण्याच्या ड्रेन पाइपाशी धरावा. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावावे. साधी हवा भरू नये, तिच्यातला ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार होते. दुरुस्तीनंतर निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारावा (पंपाने आतली हवा ओढून घ्यावी) आणि गॅस वजनाने भरावा. छोट्या गाडीत तो बहुधा ३०० ते ५०० ग्रॅम लागतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो.

आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. दर उन्हाळ्यात गाडीगाडीतून तो असा सुटणे परवडणारे नाही. म्हणून माझी गॅरेजचालकांना विनंती आहे, की बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात : दोन्ही बाजूंचा दाब, गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम गॅस भरला. ग्राहकांनीही त्या विचारून घ्याव्यात. गळती सापडली नाही तर निदान यूव्ही डाय (अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग) टाकून घ्यावा, म्हणजे महिन्याभराने दिव्याखाली जागा कळेल. गळती बुजवणारे डब्यातले रसायन मात्र कोणी टाकू देऊ नये. ते व्हॉल्व्हमध्ये घट्ट बसते आणि पुढची दुरुस्ती दुप्पट महागात पडते.

– एक मोटार एसी मेकॅनिक, सांगली