वयाचा पुरावा नसलेली मुले

महोदय,

बालमजुरी, बालविवाह, युद्धात ओढली जाणारी मुले या विषयांवर वृत्तपत्रांतून वेळोवेळी लिहिले जाते. पण यातला प्रत्येक कायदा ज्या प्रश्नापाशी अडतो, तो प्रश्न सहसा मागे राहतो : या मुलाचे वय नेमके किती, आणि ते सिद्ध कशाने करायचे? जन्मनोंदणीकडे कारकुनी काम म्हणून पाहिले जाते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. अमेरिका वगळता संयुक्त राष्ट्रांचे सर्व सदस्य देश आज तिने बांधलेले आहेत. तिच्या सातव्या कलमानुसार मुलाची नोंद जन्मानंतर लगेच झाली पाहिजे. तरीही युनिसेफच्या २०२४च्या अंदाजाप्रमाणे पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांची कुठेच नोंद नाही. त्यांतली निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. शिवाय ५ कोटींहून अधिक मुलांची नोंद झाली आहे, पण हातात दाखला नाही.

कागद नसला की वय अंदाजाने ठरते, आणि अंदाज नेहमी बलवानाच्या बाजूने झुकतो. कामाला ठेवणारा सांगतो सोळा, टोळीत भरती करणारा सांगतो अठरा, लग्न ठरवणारेही अठराच सांगतात. पंधरा वर्षांचा आरोपी प्रौढांच्या तुरुंगात जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३च्या करारात कामाचे किमान वय सर्वसाधारणपणे १५ आणि धोक्याच्या कामासाठी १८ आहे. पण तपासायला आलेल्या निरीक्षकापुढे जन्मतारीखच नसेल, तर त्याने हा नियम लावायचा कुणाला?

अशा वेळी मनगटाचा एक्स-रे काढून वय ठरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिच्यावर जितका विश्वास टाकला जातो, तितक्या विश्वासाला ती पात्र नाही. तुलनेसाठी वापरला जाणारा ग्रुलिक-पाइल हा हात-मनगटाच्या एक्स-रेंचा चित्रसंग्रह अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांतील मुलांवरून तयार झाला, तोही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नोंदींवरून. त्याचा खरा उपयोग वाढीचे विकार ओळखण्यासाठी. एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांच्या हाडांत दोन वर्षांपर्यंत फरक दिसू शकतो. कुपोषणाने वाढ लांबते, तर काहींच्या मनगटाची वाढ अठरा पूर्ण होण्याआधीच संपते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने एकट्या पडलेल्या स्थलांतरित मुलांविषयी २००५ मध्ये स्पष्ट सांगितले, की शंका उरली तर तिचा फायदा मुलाला द्यावा. सीमेवरच्या प्रत्येक चौकीत हे पाळले गेले पाहिजे.

जन्माची सूचना, निबंधकाकडची नोंद आणि दाखला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचना रुग्णालय किंवा सुईण देते, आणि मूल तिथेच बहुधा निसटते. आईबाप रुग्णालयाची चिठ्ठी हाच दाखला समजून जपून ठेवतात. शाळेत किंवा परीक्षेच्या वेळी ती चालत नाही हे कळते, तोवर मुदत उलटलेली असते. मग विलंबशुल्क, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, कधी न्यायालयाचा आदेश. उशीर मोठ्यांनी केला, भुर्दंड मुलाला. नोंद आणि पहिली प्रत विनाशुल्क हवी, आणि उशिराच्या नोंदीलाही दंड नको.

दुसरा अडथळा दोन्ही पालकांच्या कागदांचा. वडील परागंदा असतील, विवाहाचा पुरावा नसेल, आईच निर्वासित असेल, तर अर्ज परत येतो. एकट्या आईच्या सांगण्यावरून नोंद झालीच पाहिजे. आपण नोंद केली तर मुलाला नागरिकत्व दिल्यासारखे होईल, या भीतीने काही अधिकारी हात आखडता घेतात. हा समज चुकीचा आहे. नोंद फक्त मूल कुठे, कधी आणि कुणाच्या पोटी जन्मले एवढे सिद्ध करते. सुमारे २४ देशांत आईला वडिलांच्या बरोबरीने आपले राष्ट्रीयत्व मुलाला देता येत नाही. तिथे तर हा पुरावा नसलेले मूल कोणत्याच देशाचे न राहण्याचा धोका मोठा.

सर्वांत उपयोगी मार्ग लसीकरणाचा. जन्मावेळची बीसीजी, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातले डोस : पहिल्या शंभर दिवसांत मूल चार वेळा आरोग्यसेविकेसमोर येते. पहिल्याच भेटीत तिने अर्ज भरावा, आठवड्याचे अर्ज एकत्र निबंधकाकडे पाठवावेत आणि पुढच्या डोसच्या दिवशी दाखला आईच्या हाती द्यावा. नाव ठरले नसेल तर जागा कोरी ठेवून नोंद करावी. लिहिलेले आईला वाचून दाखवावे, कारण नावातले एक अक्षर दुरुस्त करायला पुढे महिने जातात.

मात्र दाखला नाही म्हणून लस किंवा शाळाप्रवेश नाकारू नये. अशी अट घातली की नोंदी वाढण्याऐवजी कुटुंबे दवाखान्यातच येईनाशी होतात.

दाखल्यावर काय नसावे, हेही तितकेच महत्त्वाचे. रवांडात ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी हे लिहिलेले असे. १९९४च्या नरसंहारात रस्त्यारस्त्यावर तीच ओळखपत्रे पाहून माणसे मारली गेली. वंश आणि धर्माचा रकाना मुलाच्या दाखल्यावर मुळीच नको. नोंदवहीची दुसरी प्रतही वेगळ्या गावी सुरक्षित हवी, कारण युद्धात कार्यालये जळतात.

२०३० पर्यंत जन्मनोंदणीसह प्रत्येकाला कायदेशीर ओळख देण्याचे उद्दिष्ट जगातील देशांनी स्वीकारले आहे. प्रगतीचे अहवाल येतात तेव्हा नोंदणीचा एकच टक्का छापला जातो. पत्रकारांनी त्यासोबत आणखी तीन आकडे मागावेत : वयाचे पहिले वर्ष संपण्याआधी किती नोंदी झाल्या, किती कुटुंबांच्या हाती प्रत्यक्ष दाखला पोहोचला, आणि किती अर्ज कोणत्या कारणाने परत पाठवले गेले.

आपले,
बालहक्क आणि जन्मनोंदणीचे काही अभ्यासक